गालावरचं शेत

परभणी जिल्ह्यात सरळ रेषा म्हणजे काय हे खरोखर कळलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या समोरच्या घरात राहत होता. बाकीचे आम्ही सगळे, त्यात तुमचे आजोबाही आले आणि मीही आले, आपापल्या समजुतीने वाकडे चालत होतो. समोरचे हे गृहस्थ भूमापक होते. सरकारी कागदावर हा शब्द होता, पण लोक त्यांना पैमाइशवाले म्हणत. पैमाइश म्हणजे मोजणी. निजामाचं राज्य गेलं तरी हा शब्द आमच्याकडे राहिला, आणि त्यांच्या अंगाला तो इतका नीट बसला होता की त्यांचं खरं नाव मला त्यांच्या आजारपणात दवाखान्याच्या कागदावर पहिल्यांदा वाचायला मिळालं. त्यांच्या उंबऱ्यापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत एकोणचाळीस पावलं होती. चाळिसावं पाऊल पडलं तर ते अर्ध्यातून परत जायचे आणि नव्याने यायचे, कारण मग वाटेत कुठे तरी रेषा सुटलेली असायची. आत येताना "जयभीम बाई" म्हणायचे, खुर्चीवर बसायच्या आधी ती भिंतीशी काटकोनात करून घ्यायचे, आणि मग भिंतीवरच्या तुमच्या पणजोबांच्या फोटोकडे डावा डोळा मिटून पाहायचे. "आज बरा हाये," किंवा "उजवीकून दोन सूत उतरलाय," असा निकाल लागल्यावर चहा.

डावा डोळा मिटून उजव्याने पाहणं ही त्यांची सवय नव्हती, तो त्यांचा स्वभाव होता. लांबवर एकामागे एक काठ्या रोवायच्या आणि एका डोळ्याने पाहून त्या एकीआड एक लपल्या की रेषा सरळ, हे काम माणूस पंचवीस वर्षं करत राहिला की त्याला जगात काठ्याच दिसू लागतात. एकदा शेजारच्या लग्नात पंगत बसली. वाढपी भाताची परात घेऊन निघाले, तेवढ्यात पैमाइशवाले दाराशी उभे राहून, छत्री पुढे धरून, डोळा मिटून म्हणाले, "थांबा. चौथं पान भाईर गेलंय." चौथ्या पानावर नवऱ्या मुलाचे मामा होते आणि ते पाथरीहून सकाळी सातच्या एसटीने उपाशी आले होते. तरी सरकले. ते सरकले म्हणून पाचवा सरकला, आणि शेवटी सगळी पंगत दोन बोटं मागे जाईपर्यंत भात निवला. "गरम भात रोज भेटतो," पैमाइशवाले म्हणाले, "सरळ पंगत एखाद्याच दिशी." त्यांची पत्नी बायकांच्या पंगतीतून ओरडली, "अवो, जेवू द्या की लोकायला! पान हाये, सरकारी दगड न्हाई!"

ही त्यांची पत्नी, आमची वहिनी, चारठाण्याची. तिथल्या जुन्या देवळांच्या दगडांत वाढलेली, आणि बोलणंही तसंच, कोरीव आणि टणक. ती भाकरी थापायची आणि ते तिचे सहा सारखे तुकडे करायचे, मग ती सातवा तुकडा मोडून तोंडात टाकायची आणि म्हणायची, "आता करा हिशेब." भांडण इथवरच. तिला सोडून जगात कुणाची त्यांना वाकडं बोलायची टाप नव्हती.

कामाच्या बाबतीत मात्र त्यांची थट्टा कुणी करत नसे. शेजारच्या शेताचा बांध दरवर्षी नांगराने वीतभर कोरायचा, असं दहा वर्षं केलं की अख्खं तास, म्हणजे नांगराची पूर्ण ओळ, आपल्यात येतं, ही विद्या आमच्या काळ्या मातीत पुष्कळांना येते. बांध कोरणाऱ्या माणसाविषयी त्यांच्या मनात जेवढा तिटकारा होता तेवढा मी चोराविषयीही कुणाच्या मनात पाहिला नाही. झरीला दोन भावांच्या बांधाची मोजणी होती तेव्हा थोरल्याने तुपाचा डबा पुढे केला. हे म्हणाले, "ठेवा. धाकट्याकडं बी डबा हाय का इचारून येतो. दोन्ही सारखे असले तर दोन्ही न्हाई घेणार." मोजणीत बांधावरचं आंब्याचं झाड धाकट्याकडे गेलं. थोरल्याने शिव्या दिल्या, त्या त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या आणि निघताना धाकट्याला सांगितलं, "तुमी बी चार द्या, म्हंजे बराबर व्हईल."

मोजणीला जाताना ते फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून न्यायचे. कुठल्याच गावचं पाणी प्यायचे नाहीत. एकाकडचं प्यालं तर दुसऱ्याला संशय येतो, असं ते सांगत, आणि मी कित्येक वर्षं शाळेत मुलींना निःपक्षपातीपणाचं उदाहरण म्हणून तो तांब्या सांगत असे. पुढे वहिनीकडून कळलं की नोकरीच्या पहिल्या वर्षांत गावोगाव त्यांना कुणी पाणीच देत नसे. मोजणीची साखळी त्यांच्या हातची चालायची, तांब्याला त्यांचा हात चालायचा नाही. तेव्हापासून त्यांनी स्वतःचा तांब्या धरला, आणि नंतर लोक आग्रहाने पाणी पुढे करू लागले तेव्हा हा नियम सांगायला सुरुवात केली. हे त्यांनी स्वतः मला कधी सांगितलं नाही. मीही वर्गात ते उदाहरण द्यायचं बंद केलं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांची उजवीकडची वरची दाढ दुखायला लागली. दाढ काढली, जखम भरेना, गाल सुजला. "उजवा गाल डाव्याहून दीड सूत जादा हाये," हे निदान त्यांनी कुठल्याही डॉक्टरच्या आधी आरशात पाहून केलं होतं. पुढे तपासणीचा तुकडा काढला तेव्हा कळलं की गालाच्या हाडामागच्या पोकळीत कॅन्सरची गाठ आहे. कोबाल्टचं मशीन, म्हणजे किरणांनी गाठ जाळायचं यंत्र, हैदराबादला होतं. माझी धाकटी बहीण तेव्हा तिथे राहत असे आणि मला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. तुमचे आजोबा म्हणाले, "तू जा. तिथले डॉक्टर इंग्रजी बोलणार आणि हे मराठवाडी." म्हणून मी दुभाषी झाले. पैमाइशवाले आणि वहिनी बहिणीच्या घरामागच्या खोलीत उतरले. खोली काटकोनात नाही हे त्यांनी ट्रंक खाली ठेवायच्या आधी सांगितलं.

डॉक्टर तरुण होते. तेलुगू घरचे, उर्दू जेमतेम, इंग्रजी स्वच्छ. पहिल्याच भेटीत ते म्हणाले की आता फील्ड केवढं घ्यायचं ते ठरवायला हवं. वीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवत होते. या एका शब्दाला किती अर्थ आहेत ते फळ्यावर लिहून दाखवत होते. पण त्या पांढऱ्या खोलीत माझ्या तोंडून पहिलाच अर्थ निघाला. मी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, शेत केवढं घ्यायचं ते ठरवायचंय."

पैमाइशवाले इतका वेळ मान खाली घालून बसले होते. ते ताठ झाले. "कोनतं शेत?"

मी घाईने चूक दुरुस्त केली. शेत नव्हे, गालावरची ती जागा, जिच्यावर किरण सोडायचे, तिची चौकट. पण त्यांना दुरुस्ती नको होती. "चौकट म्हंजे शेतच की बाई. चतुःसीमा सांगा म्हनावं."

त्या दिवसापासून मला भाषांतर असं फारसं करावं लागलं नाही. डॉक्टरांनी शिशाची मऊ तार त्यांच्या चेहऱ्यावरून वाकवून घेतली, ती कागदावर ठेवून गालाचा आडवा छेद काढला, आणि त्यावर पारदर्शक कागद ठेवून किरणांचा जोर कुठे किती पोहोचेल याच्या रेषा आखल्या, एकात एक, डोंगराच्या नकाशावर असतात तशा. पैमाइशवाल्यांनी तो कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की कुणाला वाटावं यांना बढती मिळाली. "हे तर टिपण हाये! मोजणीचा नकाशा!" मग डोळा मिटून म्हणाले, "तार उचलताना फाकली हाये. कानाकडची बाजू दोन सूत भाईर गेली." डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी तार पुन्हा बसवली, पुन्हा मोजलं, आणि जुना कागद फाडून नवा घेतला. त्यानंतर हा रोगी आला की ते स्वतःहून खुर्ची सरळ करून ठेवत.

खरी अडचण त्या कागदावर होती, आणि ती मी तुम्हाला नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गाठ मरायची तर किरणांची मात्रा भरपूर हवी. पण जागा जितकी मोठी घ्यावी तितकी मात्रा कमी करावी लागते, नाहीतर भोवतालचं निरोगी मांस, हाड, आत मेंदू, हे सगळं होरपळतं. जागा लहान घ्यावी तर मात्रा पूर्ण देता येते, पण गाठीचा एखादा न दिसणारा धागा चौकटीबाहेर राहिला तर सगळं वाया. हे मी कसंबसं मराठीत मांडत होते, तेवढ्यात पैमाइशवाले म्हणाले, "थांबा बाई, कळलं. कुंदा हाय ह्यो."

कुंदा तुम्ही पाहिलेला नाही. आमच्या काळ्या रानातलं ते गवत, मुळ्या कमरेइतक्या खोल. ते म्हणाले, "वर हिरवं दिसतं तेवढाच खड्डा घेतला तर बाजूला मुळी ऱ्हाती, पुढल्या साली पुन्ना वर. बरं, सगळंच वावर कमरेइतकं खांदलं, तर कुंदा जातो आन् वावर बी जातं. म्हनून हुशार मानूस काय करतो? आधी मोठ्ठी जागा उथळ खांदतो. मग मधली, जिथं गड्डा हाय, तेवढीच खोल."

मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांची योजना अक्षरशः तीच होती: चार आठवडे मोठी चौकट आणि मध्यम मात्रा, शेवटचे दोन आठवडे लहान चौकट आणि उरलेली सगळी मात्रा. त्यांनी विचारलं, "हे कोणत्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, परभणीच्या मातीत. तेव्हापासून तेही गाठीला कुंदा म्हणू लागले, तेलुगू हेल काढून.

गालावर जांभळ्या औषधाने रेघा आखल्या. धुवायच्या नाहीत, घाम पुसायचा नाही, पुसट झाल्या तर पुन्हा ओढून घ्यायच्या. तंत्रज्ञाचा हात किंचित थरथरे. तीन दिवस ते सोसल्यावर पैमाइशवाल्यांनी काडेपेटीची काडी मागून घेतली, आरसा घेतला, आणि जुन्या खुणांवरून स्वतःच रेघा गिरवू लागले. त्या इतक्या नेटक्या असत की तंत्रज्ञाने हरकत घेतली नाही. दवाखान्याच्या कागदावर त्यांचं पूर्ण नाव, खाली चौकटीची लांबी-रुंदी. ते वाचून ते वहिनीला म्हणाले, "बघ. सगळा जिल्हा मोजला, पर आपल्या नावावर चार बोटं वावर न्हाई. बापाच्या बी न्हाई, आज्याच्या बी न्हाई. हे पैलंच."

वहिनी म्हणाली, "मग सातबारा काढा की गालाचा! पीकपान्यात काय लिव्हता? दाढी?"

ते हसले. हसताना गाल दुखला म्हणून हात नेला, आणि रेघ पुसेल म्हणून तसाच वाटेत थांबवला.

चौथा आठवडा संपत आला तेव्हा लहान चौकटीची वरची रेघ ठरवायची वेळ आली. ती रेघ कुठे ओढायची यावर उजवा डोळा अवलंबून होता. डोळ्याच्या खाली ओढली तर डोळा वाचेल. पण गाठ वरच्या पातळ हाडाला टेकली होती, आणि तिथेच धागा असण्याचं भय होतं. रेघ वर घेतली तर धागा सुटणार नाही, पण पुरी मात्रा डोळ्यावरही पडेल. लगेच नाही, वर्षा-दीड वर्षात डोळा दुधाळ होईल आणि जाईल. डॉक्टरांनी पुष्कळ विचार केला आणि रेघ वर घेतली. मी ते मराठीत सांगितलं. पैमाइशवाल्यांनी एवढंच विचारलं, "उजवाच?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली.

शनिवारी नवी रेघ ओढली. रविवारी मशीन बंद. सोमवारी सकाळी मी दवाखान्यातल्या बाकावर बसले होते, ते आत गेले होते, आणि दार बंद व्हायच्या आत ते उठून बाहेर आले. पाय अनवाणी, चपला आतच. माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, भोवळ आली.

"बाई," ते म्हणाले, "डागदरला बोलवा. बांध कोरला मी."

मला कळेना.

"वरची रेघ. काल घामानं पुसट झालती. आज सकाळी गिरवताना खाली घेतली. दोन जव." त्यांनी दोन बोटांत जवाएवढं अंतर धरून दाखवलं. "कुनाच्याच ध्यानात आलं न्हाई. त्या पोऱ्यानं तशीच मशीन लावली. पंचवीस वरसं लोकायच्या तोंडावर म्हनत आलो, बांध कोरू नगा, बांध कोरू नगा. आन् ज्या दिशी माझं सोताचं शेत झालं, त्या दिशी मीच."

वहिनी उठून उभी राहिली. मला वाटलं आता ही चिडेल. ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या की तितंच! दोन जवानं काय व्हतंय? डोळा ऱ्हाईल." आणि मग, फार हळू, "का व्हतंय, बाई?"

मी डॉक्टरांना बोलावलं. जे घडलं ते इंग्रजीत सांगितलं. दोन जव म्हणजे किती ते सांगताना मात्र अडले. त्यांनी पट्टी लावून पाहिली. अर्धा सेंटिमीटर. ते रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले की रविवारभर मीही त्याच अर्ध्या सेंटिमीटरचा विचार करत होतो. रेघ इथे, खाली ओढणारा डॉक्टर अगदी चुकीचा ठरेल असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. यांना विचारा, यांची काय इच्छा आहे.

मी विचारलं.

पैमाइशवाल्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग म्हणाले, "त्यांना म्हनावं, मला इचारू नका. ज्याचं शेत त्याला हद्द इचारायची नसती."

हे वाक्य मी जसंच्या तसं इंग्रजीत केलं. माझ्या आयुष्यात तेवढं बरं भाषांतर मी दुसरं केलं नाही, आणि ते करताना मला अजिबात आनंद झाला नाही. डॉक्टरांनी काडी मागितली, स्पिरिटने खालची रेघ पुसली आणि वरची पुन्हा ओढली, होती तिथेच. ओढून झाल्यावर विचारलं, सरळ आहे का? पैमाइशवाल्यांनी आरसा घेतला, डावा डोळा मिटला आणि पाहिलं. "बराबर हाये," म्हणाले, आणि आत गेले.

उरलेले दिवस वाईट गेले. गाल जळलेल्या भाकरीसारखा झाला, तोंडात फोड आले, आंबिलीशिवाय काही उतरेना. पण गाठ गेली. गेली ती गेलीच. छोट्या रुळाच्या गाडीने आम्ही परभणीला परतलो तेव्हा त्यांच्या अंगात हाडांशिवाय काही नव्हतं, तरी फलाटावर उतरल्यावर त्यांनी स्टेशनच्या कुंपणाच्या खांबांकडे पाहून तिसरा खांब कलला आहे हे सांगितलंच. डोळ्याने पुढल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत साथ दिली. मग त्यावर साय धरू लागली आणि हिवाळा संपता संपता तो गेला. मधल्या महिन्यांत ते रोज सकाळी शाळेच्या मैदानावर तीन काठ्या रोवून, उजवा डोळा मिटून, डाव्याने पाहायला शिकत होते. शाळेच्या पोरी हसायच्या. "हसा," ते म्हणायचे, "ह्यो डोळा सव्वीस वरसं नुस्ता बसून खात होता." निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्याच डोळ्याने मोजण्या केल्या, आणि एकही मोजणी वर अपिलात फिरली नाही.

बदल एकच झाला. रस्त्याने जाताना वहिनी पूर्वी त्यांच्या चार पावलं मागून बोलत बोलत यायची. आता ती त्यांच्या उजव्या हाताला चालू लागली. लग्नात, सभेत, एसटीत, सगळीकडे उजवीकडे तीच. मी एकदा म्हटलं, "दिसत नाही त्या बाजूला वहिनीला घेता का, तुम्हाला सांभाळायला?" ते म्हणाले, "न्हाई बाई. त्या बाजूला असं मानूस पायजे, की ज्याच्याकडं डोळा मिटून बघावं लागत न्हाई." वहिनी म्हणाली, "म्हंजे वाकडं चाललं तरी चालतं." "चालतं," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हाच ऐकला.

त्या आजारानंतर ते सात वर्षं जगले. गेले ते हृदयविकाराने, दुपारी, खुर्चीत. वहिनी अजून समोरच राहते आणि संध्याकाळी माझ्याकडे येते. मी खिडकीतून तिला येताना पाहते. गल्ली आता रुंद झाली आहे, डांबरी झाली आहे, त्या वेळी रस्त्यावर कुणी नसतं. तरी ती उजव्या कडेने, गटाराला लागून चालते, डावीकडे एका माणसापुरती जागा सोडून.